कॅसिनो रिसॉर्टमधली सुरक्षा आणि गुन्हेगारी: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी कोपरीत वाढलो. अकरा वर्षं कॅसिनोच्या कॅमेरा रूममध्ये काढली, आधी पणजीला मांडवीतल्या एका जहाजावर आणि मग परदेशातल्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये. आता नेरूळला दोन खोल्यांत हॉटेल सुरक्षेचे वर्ग घेतो. वर्गातली मुलं, त्यांचे आईवडील आणि गणपतीत मांडवात गाठून 'काय हो, तुम्ही कॅसिनोत होतात ना?' असं म्हणणारे शेजारी जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कॅसिनो आहे का? विमानतळ झाला, आता उलव्याला येणार म्हणतात.

नाही. आणि 'येणार' हे मी आजवर फक्त प्लॉट विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता खरा, पण तो कधी अंमलात आलाच नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्दच करायचं ठरवलं. आपल्याकडे चालतो तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. त्याचं कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला लागतं आणि कलम ५ अड्ड्यावर सापडणाऱ्याला. 'मी नुसता बघत बसलो होतो' हे सांगून सुटका होत नाही, कारण खेळ चालू असताना तिथे सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं कायदा आधी धरून चालतो. तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. फार्महाऊसवर हिरवं कापड अंथरलं आणि चार मुली चिपा, म्हणजे पैशाऐवजी खेळायच्या चकत्या, वाटायला उभ्या केल्या, तरी तो अड्डाच.

रीतसर परवाने घेतलेले कॅसिनो देशात गोव्यात आणि सिक्कीममध्ये आहेत.

कॅसिनोत चोरी जास्त कोण करतं? गिऱ्हाईक की आतला माणूस?

मोठी चोरी बहुतेक वेळा आतल्या माणसाशिवाय होत नाही. म्हणून तिथली प्रत्येक सवय नोकरांवर अविश्वास धरून बसवलेली असते, आणि त्यात कुणी अपमान मानत नाही. टेबलावर पत्ते वाटणारा डीलर टेबल सोडताना दोन्ही हात पुढे करतो, टाळी दिल्यासारखे एकमेकांवर घासतो, तळवे वर, मग खाली. हा नमस्कार वरच्या कॅमेऱ्याला असतो: बघा, हातात काही नाही. त्याच्या पँटच्या खिशांवर एप्रन बांधलेला असतो. गिऱ्हाइकाने नोटा दिल्या की त्या गड्डीने आत जात नाहीत, एकेक करून टेबलावर पसरतात आणि मगच खालच्या कुलुपाच्या पेटीत ढकलतात. ती पेटी उघडणारे वेगळे, मोजणारे वेगळे. आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे आम्ही त्यांच्यासोबत जेवायलाही बसत नसू.

तरी होतं. जहाजावर असताना एका टेबलाची बेरीज आठवड्यातून दोनदा थोडी कमी भरायची. थोडी म्हणजे एखादी चिप. मी तीन रात्री एकाच डीलरचं रेकॉर्डिंग बघत बसलो. पोरगा चांगला, हात साफ, हिशोब पक्का. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की तो मान खाजवतो. मान सगळेच खाजवतात. पण हा चिपा रचून झाल्यावरच खाजवायचा, आणि उजवा हात मोकळा असताना डाव्या हाताने. चित्र अगदी हळू करून पाहिलं तेव्हा करंगळीमागे दडलेल्या चिपेची कडा दिसली. ती चिप कॉलरमध्ये घसरायची आणि शर्टाच्या आतून कमरेशी थांबायची. नंतर कळलं की त्याने एका नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून उसने पैसे घेतले होते आणि त्या गिऱ्हाइकानेच ही वाट दाखवली होती. पकडल्याचं समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो कर्जात आहे हे फ्लोअरवर निम्म्या लोकांना ठाऊक होतं. आमच्या खोलीत तेवढं पोचलं नव्हतं.

इतके कॅमेरे असताना पाकीट कसं मारलं जातं?

कारण कॅमेरे पाकिटासाठी लावलेले नसतात. डोंबिवलीच्या एक काकू मुलीच्या कुटुंबाबरोबर जहाजावर आल्या होत्या. खेळत नव्हत्या, जावयामागे खुर्ची घेऊन बसल्या होत्या, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. उठल्या तेव्हा पर्स नव्हती. त्या टेबलावर आमचे तीन कॅमेरे होते. जावयाच्या हातात बदामची सत्ती होती हे मी सांगू शकत होतो. चिपेवरचा आकडा वाचू शकत होतो. खुर्चीची पाठ एकाही चित्रात नव्हती.

कॅसिनोचं सगळं गणित यात आलं. पैशावर प्रकाश आणि भिंग दोन्ही असतात, माणसावर नुसता अंधुक दिवा. जिने, लिफ्टसमोरची जागा, बाथरूमबाहेरचा बोळ, पार्किंग आणि हॉटेलचा कॉरिडॉर इथे कॅमेरे विरळ, आणि असलेल्यांकडे बघणारा कधी कधी एकच माणूस. पाकीटमारी, दारूच्या नशेतल्या बाईला 'खोलीपर्यंत सोडतो' म्हणणं, जिंकलेल्या माणसाचा पाठलाग हे सगळं तिथे घडतं.

म्हणून पर्स मांडीवर ठेवा. रोख घेऊन निघताना एकट्याने पार्किंगला जाऊ नका, सुरक्षारक्षक सोबत मागा. मागितला तर देतात.

सिनेमातल्यासारखे दरोडे खरंच पडतात का?

पडतात, आणि बहुतेक फसतात. डिसेंबर २०१० मध्ये लास वेगासच्या बेलाजिओत एक जण हेल्मेट घालून मोटारसायकलवरून आला, पिस्तूल दाखवून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिपा घेऊन गेला. काही मिनिटांचं काम. पण चिप म्हणजे नोट नव्हे. त्या इमारतीबाहेर ती प्लास्टिकची चकती, आणि इमारतीच्या मालकाने त्या रंगाची चिपच बंद करायची जाहीर केली की संपलं. बेलाजिओने २५,००० डॉलरची चिप बदलायची तारीख दिली. चोर ती खपवायला गिऱ्हाईक शोधत फिरला आणि पोलिसांच्याच माणसाला विकायला बसला. आता महागड्या चिपांच्या पोटात रेडिओची चकतीही असते, त्यामुळे ती कुठल्या टेबलावरून हलली हे कळतं.

कल्पक चोरी म्हणाल तर २०१३ ची मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोतली. बड्या गिऱ्हाइकाच्या खोलीत वरचे कॅमेरे बघून कुणीतरी त्याला खुणा पोचवत होतं, असं तेव्हा समोर आलं. रक्कम सुमारे ३.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. चोर पकडायला लावलेला डोळाच चोराने भाड्याने घेतला. आमच्या धंद्यात या प्रकरणाचा विषय निघाला की लोक गप्प होतात.

पत्ते मोजणं गुन्हा आहे का?

डोक्यात मोजणं नेवाडात, म्हणजे लास वेगासच्या राज्यात, गुन्हा नाही. कॅसिनो फार तर 'या आता' म्हणतो. फोन किंवा यंत्र वापरलंत तर मात्र गुन्हा.

मधली एक पट्टी आहे. फिल आयव्ही हा नामांकित पोकर खेळाडू २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत ७७ लाख पौंड जिंकला. पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीची कड दोन्ही बाजूंना अगदी सारखी छापलेली नव्हती. त्याच्या सोबतिणीने शुभाशुभाची सबब सांगून डीलरकडून ठरावीक पत्ते फिरवून घेतले, म्हणजे पाठीवरूनच मोठा पत्ता ओळखू यावा. पत्त्याला त्याने बोटही लावलं नाही. कॅसिनोने पैसे दिले नाहीत, तो कोर्टात गेला, आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली. माझ्या वर्गात यावर दर वेळी भांडण होतं. निम्मी मुलं आयव्हीच्या बाजूने असतात.

स्लॉट मशीन हॅक होतं का?

झालेलं आहे. १९९० च्या दशकात नेवाडात मशीन तपासणाऱ्या सरकारी खात्याच्याच एका अभियंत्याने आतला प्रोग्रॅम बदलला होता, ठरावीक क्रमाने नाणी टाकली की मशीन पैसे ओकायचं. २०१४ मध्ये अमेरिकेतच सेंट लुईसला एक टोळी सापडली. त्यांचा माणूस जुन्या मशीनसमोर फोन धरून खेळाचं चित्रण पाठवायचा, दूर बसलेले लोक आकड्यांचा क्रम काढायचे आणि बटण कधी दाबायचं हे त्याचा फोन थरथरवून सांगायचे. मशीन उघडलंसुद्धा नाही.

आणि उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोची माहिती लॉबीतल्या माशांच्या टाकीतून गेली. टाकीचा थर्मामीटर इंटरनेटला जोडलेला होता. तिजोरीला तीन कुलपं, माशाला एकही नाही.

मग आजचा सगळ्यात मोठा धोका कोणता?

फोन. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या लास वेगासच्या कॅसिनो कंपनीवर जो सायबर हल्ला झाला त्याची सुरुवात हेल्प डेस्कला केलेल्या एका फोनने झाली असं सांगितलं जातं. कर्मचारी असल्याचं भासवलं, लॉगिन अडकलंय म्हणून गयावया केली आणि दार उघडलं. मग खोल्यांच्या डिजिटल चाव्या चालेनात, मशीन बंद, स्वागतकक्षासमोर रांगा आणि कागद-पेनाने नोंदी. कंपनीने नुकसानीचा अंदाज सुमारे १० कोटी डॉलर दिला. त्याच सुमारास सीझर्स या दुसऱ्या कॅसिनो कंपनीने हल्लेखोरांना सुमारे दीड कोटी डॉलर दिल्याच्या बातम्या होत्या.

ऐरोली, महापे इथल्या हेल्प डेस्कवर रात्रपाळी करणाऱ्या मुलांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो फोन उचलणारा त्यांच्याचसारखा कुणीतरी होता. रात्री तीन वाजता कुणीतरी रडवेल्या आवाजात पासवर्ड बदलून मागतो, आणि तुम्हाला कॉल लवकर संपवल्याचे गुण मिळतात. आवाजाने माणूस कसा गुंडाळता येतो हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. अमेरिकी करखात्याच्या नावाने धमकावणाऱ्या मीरा रोडच्या कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांनी २०१६ मध्ये धाड घातली, ती आठवा. फोन ठेवा, नोंदीतल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करा. कुणी रागावलं तर रागावू दे.

काळा पैसा कॅसिनोत पांढरा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

साधं रूप असं: रोख देऊन चिपा घ्या, तासभर थोडं खेळल्यासारखं करा, चिपा परत करून चेक घ्या. आता हा पैसा 'जिंकलेला'. यापेक्षा मोठं काम जंकेटवाले करतात. बडे खेळाडू आणणारे हे दलाल उधारी देतात, वसुली करतात, आणि पैसा कुणाचा हे त्यांच्या वहीतच राहतं. चीनमधल्या मकाव या कॅसिनोंच्या शहरातली एके काळची सर्वांत मोठी जंकेट कंपनी म्हणजे सनसिटी. तिच्या प्रमुखाला, अल्विन चाऊला, जानेवारी २०२३ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली.

समजायला सगळ्यात सोपं उदाहरण बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून न्यूयॉर्कच्या खात्यातून पैसे काढायचे आदेश पाठवले. ८.१ कोटी डॉलर मनिलातल्या एका बँकेत उतरले आणि तिथून मोठा हिस्सा कॅसिनोंच्या टेबलांवर गेला. तेव्हा फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंग कायद्यात कॅसिनो येतच नव्हते, ते २०१७ मध्ये आणले. टेबलावर गेलेल्या पैशाचा माग तिथेच तुटला. श्रीलंकेकडे निघालेला आणखी एक हप्ता अडला, कारण आदेशात 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं.

भारतात कॅसिनो मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली येतात. ओळखपत्राची नोंद ठेवणं, दहा लाखांवरचे रोखीचे व्यवहार आणि संशयास्पद व्यवहार कळवणं त्यांना बंधनकारक आहे. तेव्हा काउंटरवर आधारकार्ड मागितलं म्हणून तिथल्या मुलीवर डाफरू नका.

आग लागली किंवा गोळीबार झाला तर?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि उत्तर मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

२ जून २०१७, मध्यरात्रीनंतर, रिसॉर्ट्स वर्ल्ड मनिला. एक बंदूकधारी दारावरच्या तपासणीला बगल देऊन आत शिरला. त्याने लोकांवर गोळ्या झाडल्या नाहीत. पेट्रोल ओतून टेबलं आणि गालिचे पेटवले आणि ११ कोटी पेसोंहून जास्त किमतीच्या चिपा पिशवीत भरल्या. तो स्वतः सोडून ३७ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. कर्जबाजारी जुगारी होता तो. घरच्यांच्या विनंतीवरून दोनच महिने आधी त्याला कॅसिनोबंदी झाली होती. म्हणजे नाव यादीत होतं.

१९८० मध्ये लास वेगासच्या एमजीएम ग्रँडला आग लागली तेव्हा ८५ जण मेले. आग खाली, कॅसिनोच्या मजल्यावर. बहुतेक माणसं मेली ती वरच्या मजल्यांवर, जिन्यांतून आणि लिफ्टच्या पोकळीतून चढलेल्या धुराने. जिथे आग वाढली त्या कॅसिनोत पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. सदतीस वर्षांनी मनिलात पुन्हा धूरच.

कॅसिनोचा मजला मुद्दाम असा बांधतात की बाहेरची वाट सहज दिसू नये. खिडकी नसते, घड्याळ नसतं, वळणावळणाच्या वाटा, जाड गालिचे, लाकूड, कापड. गिऱ्हाईक रमावं म्हणून केलेली ही रचना धुरात सापळा होते. दोन वेळा मी वरिष्ठांना लेखी दिलं होतं की मागच्या जिन्याच्या दारासमोर खुर्च्यांचा ढीग लावतात. दोन्ही वेळा खुर्च्या हलल्या आणि पंधरा दिवसांत परत आल्या. त्याच मजल्यावर एक चिप गहाळ झाली की अर्ध्या तासात चार माणसं धावत येत.

१ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासच्या मँडले बे हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. मृतांचा आकडा पुढे ६० धरला गेला. हल्लेखोराने कित्येक दिवस बॅगांतून बंदुका खोलीत नेल्या होत्या, हॉटेलच्या सामानाच्या लिफ्टनेच. त्यानंतर बऱ्याच हॉटेलांनी 'त्रास देऊ नका'ची पाटी एक-दोन दिवसांपेक्षा जास्त लटकलेली दिसली तर खोली बघायचा नियम केला. वर्गात कुणी याला खासगीपणात लुडबूड म्हणतं. असेल. मी दार वाजवायला सांगतो.

तुमच्यापुरतं एवढं करा: पोचल्यावर खेळायच्या आधी, आलात त्या दाराखेरीज दुसरं दार शोधा आणि ते ढकलून बघा. खोलीपासून जिन्यापर्यंतची दारं मोजा. धुरात डोळे चालत नाहीत, हात आणि मोजणी चालते. जहाजावर असाल तर लाइफ जॅकेट कुठे आहे ते विचारा. हसतील, हसू द्या.

हरलेल्याला तिथेच उसने पैसे देणारे भेटतात. घ्यावेत का?

नाही. मकावमध्ये उसनवारीतून माणसाला हॉटेलच्या खोलीत डांबून ठेवण्याचे प्रकार इतके नेहमीचे की पोलीस त्यांचा आकडा वेगळा देतात. गोड बोलणारा, 'भाऊ, पुढच्या हाताला वसूल' म्हणणारा तो माणूस तुमचं आधारकार्ड ठेवून घेतो, मग घरचा पत्ता, मग फोनमधले नंबर. ठाण्याला परत आलात तरी तो तुमच्या सासऱ्यांना फोन करतो.

गोव्याला चाललोय. काय लक्षात ठेवू?

वय २१ पूर्ण हवं, मूळ ओळखपत्र जवळ हवं. पत्त्यांची टेबलं जहाजांवर असतात, जमिनीवरच्या हॉटेलांत फक्त इलेक्ट्रॉनिक खेळांना परवानगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, त्याआधी २८ होता, तेव्हा चिपा घेताना हातात किती पडणार ते आधी विचारा. दारू फुकट असते ती दयेपोटी नव्हे. वाद झाला तर टेबलावरच, लगेच, टेबलांवर देखरेख करणाऱ्या पिट बॉसला बोलवून 'कॅमेरा बघा' म्हणा. चिपा उचलल्या, पुढचा हात वाटला गेला, की तक्रारीतली हवा जाते. आणि फोनवरच्या 'गोवा कॅसिनो, घरबसल्या' छापाच्या लिंका सरळ पुसून टाका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. त्यात पैसे अडकले तर १९३० ला फोन करा, जितका लवकर तितका बरा.

मुलाला थायलंडमधल्या कॅसिनोत सुरक्षेची नोकरी आलीय. पगार चांगला सांगतात.

आधी तिकीट रद्द करा, मग बोलू.

थायलंडमध्ये कायदेशीर कॅसिनो नाहीत. या ऑफरींची वाट साधारण ठरलेली असते: टूरिस्ट व्हिसावर बँकॉक, तिथून गाडीने सीमेवरचं मायसॉट, मग नदी ओलांडून म्यानमार. पलीकडे कुंपणाच्या आत पासपोर्ट काढून घेतात आणि परक्या लोकांना फोनवर फसवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. लाओस आणि कंबोडियातही कॅसिनोच्या आडोशाने हेच चालतं.

एका आईने वाशीहून येऊन मला ऑफरचं पत्र दाखवलं. कंपनीचं चिन्ह झकास, शिक्का, सही, सगळं. खाली पत्ता नव्हता आणि मुलाखत व्हॉट्सअॅपवर अकरा मिनिटांची. सुरक्षेच्या कामासाठी कुणी त्याच्या चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता. कॅसिनोत झाडूवाल्याचीही पार्श्वभूमी तपासतात, हे तिला सांगितलं तेव्हा तिने पत्राची घडी घातली.

एजंटचा परवाना ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर बघता येतो. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. कामाचा व्हिसा भारतातून निघतानाच पासपोर्टवर हवा. 'तिकडे गेल्यावर करून देतो' म्हणाला की समजून घ्या.

खरी नोकरी करायची असेल तर काय लागतं? इंग्रजी फर्डं हवं का?

फर्डं नको, नेमकं हवं. या कामात बघण्याइतकंच लिहावं लागतं: किती वाजता, कोण, कुठल्या हाताने, काय केलं. 'संशयास्पद वाटला' हे मी वर्गात खोडून टाकतो. पोलिसांकडचा दाखला स्वच्छ हवा, बेरीज-वजाबाकी तोंडी यावी, आणि आठ तास पडद्यासमोर बसून झोप येऊ नये. सुरुवात बहुतेकांची परवानाधारक सुरक्षा एजन्सीतूनच होते, मॉलच्या दारावर, आणि त्यात कमीपणा नाही.

वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवता?

पत्ते, चिपा यातलं काही नाही. संध्याकाळी सहाला नेरूळ स्टेशनच्या तिकीट खिडकीसमोर तासभर उभं राहायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहून आणायचं. बहुतेक मुलं गर्दी लिहितात, गाड्यांच्या वेळा लिहितात. गेल्या बॅचला कळव्याच्या एका मुलीच्या वहीत अर्ध्या पानावर एवढंच होतं: निळा शर्ट, तीन वेळा रांगेत लागला, तिकीट एकदाही काढलं नाही, चौथ्यांदा रांगेत आला तेव्हा पुढच्या आजींची पिशवी मी माझ्याकडे घेतली.